सिफिलिस (गरमी): पेनिसिलीन घेऊनही व्हीडीआरएल खाली येईना, दुसरं औषध कोणतं?

हुडकेश्वरकर:
लिंगावर न दुखणारा फोड आला होता, सिफिलिसची रक्ततपासणी व्हीडीआरएल १:३२ निघाली (औषध लागू पडलं की यातला मागचा आकडा उतरतो). दिवाळीत बेंझाथिन पेनिसिलीन घेतलं, दोन्ही कुल्ल्यांवर मिळून २४ लाख युनिट. फोड बरा झाला. होळीनंतर तपासलं तर १:१६, टीपीएचए (सिफिलिसचीच दुसरी रक्ततपासणी) अजून पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडलं नाही. मेडिकलवाला अ‍ॅझिथ्रोमायसिन घ्या म्हणतो. काय करू? बायकोला दिवस गेलेत. तिला अजून काही सांगितलं नाही.

सक्करदऱ्याहून:
मला पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी, म्हणून डॉक्सीसायक्लिन दिलं. १०० मिग्रॅ दोन वेळा, १४ दिवस. भरपूर पाण्यासोबत घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. ऐन एप्रिलात घेतली, तर उन्हाने हात लालबुंद झाले. आपल्याकडे दुपारी पूर्ण बाह्या अन् दुपट्टा पाहिजेच. माझा आकडा नंतर हळूहळू उतरला.

समुपदेशक ताई:
भाऊ, औषध फसलं असं आत्ताच म्हणता येत नाही. १:३२ चं १:१६ ही एकच पायरी, म्हणजे आकडा निम्मा. दोन पायऱ्या, म्हणजे १:८ पर्यंत यायला वर्षही लागू शकतं. दर वेळी त्याच लॅबमध्ये तपासा, लॅब बदलली की एखादी पायरी इकडेतिकडे होतेच. टीपीएचए बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्ह राहते, तिच्यावरून काही ठरवत नाहीत.

आकडा चौपट वाढला, किंवा फोड-पुरळ परत आलं, तर औषध फसलं किंवा नव्याने लागण झाली. तेव्हा एचआयव्ही तपासतात, गरज पडली तर पाठीतलं पाणीही. आणि औषध बहुतेक वेळा पेनिसिलीनच, दर आठवड्याला एकदा, तीन आठवडे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन रोज १ ग्रॅम १० दिवस देतात, पण ते तज्ज्ञांनी ठरवायचं. अ‍ॅझिथ्रोमायसिनला हा जंतू बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही. ते घेऊ नका.

मला खरी काळजी तुमच्या बायकोची आहे. गरोदरपणात डॉक्सी नाही, पेनिसिलीनच. अ‍ॅलर्जी असली तरी दवाखान्यात भरती करून, अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत तेच देतात. उशीर झाला तर बाळ पोटातच जाऊ शकतं, वेळेत दिलं तर बहुतेक बाळं वाचतात. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत त्वचा-गुप्तरोग विभागात दोघंही जा. एकट्याने सांगवत नसेल तर तिथल्या समुपदेशकासमोर सांगा. तोवर संबंध नको.

हुडकेश्वरकर:
ताई, आज रात्रीच तिला सांगतो. सोमवारी मेडिकलला नेतो. कागद कोणते आणू?

समुपदेशक ताई:
तुमचे दोन्ही रिपोर्ट, इंजेक्शनची चिठ्ठी आणि तिचं गरोदरपणाचं कार्ड. त्यात व्हीडीआरएल आधीच झाली असेल, तर तारीख बघून ठेवा.