सिमरोलच्या पुढे प्लॉट, शेजारी गव्हाचं शेत : आगीचा विचार करून देशी झाडं कोणती लावावीत?

इंदुरी_अंगण

नमस्कार मंडळी. आम्ही राहतो इंदूरच्या लोकमान्य नगरात, पण सिमरोलच्या पुढे चोरलकडे जाताना अर्ध्या एकराचा प्लॉट घेतलाय. दोन खोल्या, पडवी, वर कवेलू (कौलं). सासऱ्यांना आता तिथंच राहायचंय. एका बाजूला गव्हाचं शेत, मागे उतार, खाली नाला आणि त्यापलीकडे जंगल.

गेल्या एप्रिलमध्ये हार्वेस्टर फिरून गेल्यावर कुणीतरी नरवाई पेटवली, म्हणजे कापणीनंतर उरलेले गव्हाचे खुंट. वारा फिरला आणि आमच्या कुंपणाची घाणेरी भडाभडा पेटली. नशीब, पाण्याचा टँकर दारात उभा होता, म्हणून घर वाचलं.

आता सगळं नव्याने लावायचंय, आणि फक्त देशी. मनात आहेत पळस, साग (सासऱ्यांचा हट्ट, 'नातवंडांच्या कामी येईल'), बांबू, बहावा आणि कडेनं रोशा गवत, कारण त्याचा वास मला फार आवडतो. आधीच्या मालकाची निलगिरीची रांग आहेच. देशी झाडं आगीला टिकतात असं बरेच जण सांगतात. मग ही यादी चालेल ना? बोअरला मार्चनंतर जेमतेम तासभर पाणी असतं.

राजवाडा_ते_पातालपानी

घाणेरी जळली ते बरंच झालं म्हणा, पण ती परत फुटणार. पहिल्या पावसानंतर माती मऊ असताना कुदळीनं मुळासकट काढा, नुसती छाटू नका. निलगिरीची साल पट्ट्यांनी लोंबते, आग त्या पट्ट्यांवरून वर चढते. पानात तेल आहे ते वेगळंच. तिला रजा द्या. बाकी झाडांतलं मला फार कळत नाही. मी तर म्हणेन भिया, कोटा फरशी घाला आणि निवांत झोपा.

निवृत्त_वनवाला

फरशी घालायची तर लोकमान्य नगर काय वाईट होतं!

ताई, आगीतून जगणारं झाड वेगळं आणि आग अडवणारं झाड वेगळं. पळस जळतो आणि पावसाळ्यात बुडातून परत फुटतो. सागाचंही तेच. ते जगतील, पण शेजारचं घर जगेल का, ते बघायला हवं. आपल्या विंध्याच्या उतारावरचं जंगल पानगळीचं. साग, पळस, धावडा, सालई हिवाळा सरता सरता पानं टाकायला लागतात, आणि वनखात्यात आगीचे दिवस धरतात १५ फेब्रुवारी ते १५ जून. म्हणजे ऐन आगीच्या दिवसांत ही झाडं उघडी आणि त्यांच्या बुडाशी सरपण. सालईला तर डिंकही आहे, चांगला पेटणारा.

सागाचं वाळलेलं पान एकदा हातात घेऊन बघा. हातभर लांब, खरखरीत, कडा वर वळलेल्या. त्यामुळे ते जमिनीला टेकून बसतच नाही, खालून हवा खेळते. त्यावर दुसरं, तिसरं. पाय पडला की पापडासारखं मोडतं. त्यात एक ठिणगी गेली तर विझवायला पोचेपर्यंत आग दहा पावलं पुढे गेलेली असते. वणवा काही आकाशातून पडत नाही. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला (विडीच्या पानाचं झाड) कोवळी पानं यावीत म्हणून आग लावतात, शेतावरून गेलेल्या वीजतारांची ठिणगी पडते, आणि तुमच्याकडे नरवाई. कारणं माणसांचीच.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. झाड पावसाळ्यात नर्सरीत बघून ठरवू नका, एप्रिलमध्ये जंगलात बघून ठरवा. सकाळी चोरलच्या एखाद्या नाल्याकाठानं चाला आणि जे हिरवं दिसेल ते लिहून घ्या. करंज मार्चच्या आसपास पानं बदलतो आणि एप्रिलात पोपटी होऊन उभा असतो. कोशिंबाला लाल पालवी असते. जांभूळ आणि उंबर हिरवे, गावाकडे आलात की कडुनिंब आणि आंबाही. अशा पानात पाणी असतं. ती जळतच नाहीत असं नाही, कुठलंही झाड जळतं, पण आधी ते पाणी उडावं लागतं. तेवढ्यात आगीचा जोर मोडतो, उडत आलेल्या ठिणग्याही अशा पानांत अडकतात.

तुमच्या यादीत पळस ठेवा, पण शेताच्या कडेला, घरापासून लांब. बहावाही तसाच. रोशा मात्र अजिबात नको. ज्या गवतातून तेल काढतात ते वाळवून भिंतीशी उभं करण्यात काय शहाणपण? आणि त्याच्यापेक्षा वाईट कुसळी गवत, ते आपोआप येतं. पाऊस संपला की कुसळं धरायच्या आत कापून कुणाच्या तरी गाईला द्या.

कॅलिफोर्नियात अशा भागातल्या घरांभोवती १०० फुटांपर्यंत झाडझाडोरा आटोक्यात ठेवायचा कायदा आहे. २०२० मध्ये त्यात घराला लागून असलेल्या ५ फुटांचा वेगळा पट्टा घातला, तिथं पेटणारं काहीच नको. अर्ध्या एकरात १०० फूट मोजायला गेलात तर शेजाऱ्याच्या गव्हात पोचाल, त्यामुळे तो आकडा सोडा. पण ५ फूट आपल्या हातात आहेत. भिंतीलगत मुरूम किंवा गिट्टी (खडी), बास. तिथून ३० फुटांपर्यंत विरळ लावा आणि मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वर राहतील अशा छाटा. गवतातून झुडपात आणि झुडपातून झाडात चढायला आगीला पायरी मिळता कामा नये. तुमच्याकडे उतार मागच्या बाजूला आहे. आग उतार चढताना जास्त पळते, म्हणून नाल्याकडची बाजू समोरच्यापेक्षा जास्त मोकळी ठेवा.

मानपूरची_सून

काकांचं सगळं बरोबर, फक्त कुंपणाचं राहिलं. आमच्याकडे अडुळसा आहे. काडी खोचली की लागतो, बकऱ्या तोंड लावत नाहीत, आणि आठवड्याला एकदा पाणी दिलं तर मे महिन्यातही हिरवा राहतो. पाणी तोडलं तर मात्र खालची पानं वाळतात, ती झाडून काढावी लागतात. कुणी थोर सुचवेल. थोर पेटायला कठीण खरा, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. घरात लहान मुलं असतील तर नको.

आणि झाडांच्या आधी घराकडे बघा हो. कवेलूंच्या फटीत चिमण्यांची घरटी आणि पाला साठतो, वाऱ्यानं उडालेली ठिणगी बरोबर तिथं जाऊन बसते. मार्च लागताच सासरे वर चढतात आणि एकेक ओळ साफ करतात. कूलरची गवताची पॅडही तशीच. कूलर बंद असेल तर ती खडखडीत वाळलेली असतात आणि खिडकीला चिकटून! तुम्ही इंदूरला असाल तेव्हा ती काढून ठेवा. गोवऱ्या आणि लाकडं पडवीत रचू नका, हे सांगायला नकोच.

इंदुरी_अंगण

कूलरचं डोक्यातच आलं नव्हतं! सासऱ्यांना काकांचं उत्तर वाचून दाखवलं, सागाच्या परिच्छेदावर गप्प बसले. मग म्हणाले, 'निदान दोन तरी लावू दे.'

दोन शंका आहेत. बांबूचं काय? आणि पाणी कमी म्हणून झाडांच्या बुडाशी पाला पसरायचा असं मी शिकलेय, ते आता बंद करायचं का?

निवृत्त_वनवाला

दोन साग शेताच्या टोकाला लावू दे त्यांना. पाला झाडायची जबाबदारीही त्यांचीच म्हणावं!

बांबूचं बेट जुनं झालं की आत वाळक्या काठ्या आणि पानांचा खच होतो. पेटलं की पेरं फुटतात, आवाज लांबवर जातो. दरवर्षी वाळकं काढणार असाल तर घरापासून लांबच्या कोपऱ्यात एक बेट चालेल, नाहीतर राहू दे. पाल्याचं असं करा : घरापासून ३० फुटांच्या पलीकडे खुशाल पसरा, काळ्या मातीला भेगा पडतात तेव्हा त्याचा उपयोग होतोच. ३० फुटांच्या आत त्याच कामाला गिट्टी वापरा, ओल ती पण धरते. आणि तो बोअरचा तासभर सगळीकडे थोडा थोडा वाटू नका, घराजवळच्या झाडांना आणि अडुळशाच्या कुंपणाला द्या. पळस-बहावा पहिली दोन-तीन वर्षं जगवले की आपलं आपण बघतात.

रोपांसाठी महूजवळ बडगोंद्याला वनखात्याची नर्सरी आहे. जूनच्या आधी जाऊन करंज, जांभूळ सांगून ठेवा.

राजवाडा_ते_पातालपानी

आणि नरवाईवाल्याचं काय? दंड आहे ना त्याला?

निवृत्त_वनवाला

आहे. २ एकरांपेक्षा कमी जमीन असेल तर २,५००, २ ते ५ एकरांना ५,००० आणि त्याहून जास्त असेल तर १५,००० रुपये. पण शेजाऱ्यावर दंड बसवून तुम्ही तिथं सुखानं राहणार आहात का? मार्चमध्ये त्याला चहाला बोलवा आणि स्ट्रॉ रीपरचं भाडं निम्मं देतो म्हणा. खुंटांचा भुसा होतो आणि तो त्याला विकता येतो. ऐकलं नाहीच, तर त्याच्या बांधाकडून १० फूट पट्टा नांगरून ठेवा. कापणीच्या आधी हं, हार्वेस्टर गेल्यावर नव्हे. हल्ली दोन दिवसांत पेटवतात.