क्यूजीआयएसमध्ये एकाच शेताची दोन क्षेत्रफळे कशी?

रानवाट (प्रश्न): पारनेर तालुक्यातील एका शेताची हद्द मी उपग्रह प्रतिमेवरून क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रेखाटली आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र 1 हेक्टर 60 आर आहे. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये ‘डॉलर एरिया’ वापरले की जवळपास तेवढेच उत्तर येते. नुसते ‘एरिया’ फंक्शन वापरले की मात्र 1 हेक्टर 80 आर येते. लेयरची सीआरएस, म्हणजे निर्देशांक पद्धती, ईपीएसजी 3857 या क्रमांकाची आहे. आकृती तीच असताना हे वीस आर आले कुठून, आणि पाणलोटाच्या आराखड्यात कोणता आकडा धरावा?

अक्षवृत्त: वीस आर वेब मर्केटरचे, म्हणजे तुमच्या 3857 चे आहेत. हे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत, पडद्यावर नकाशा दाखवण्यासाठी सोयीचे आहे, पण विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतशी त्यातील अंतरे फुगत जातात. 19 अंश उत्तरेला ही वाढ सुमारे 6 टक्के असते आणि क्षेत्रफळात ती लांबी व रुंदी अशा दोन्हींकडून येत असल्यामुळे सुमारे 12 टक्के होते, 1.60 चे 1.80 झाले ते असे. ‘एरिया’ हे फंक्शन लेयरचे निर्देशांक सपाट कागदावरचे समजून हिशेब करते, तर ‘डॉलर एरिया’ प्रोजेक्टमध्ये निवडलेल्या लंबगोलावर, म्हणजे एलिप्सॉइडवर, करते. तिथे एलिप्सॉइड निवडलेलाच नसेल, तर तेही सपाटच मोजते, हे एकदा तपासावे. आराखड्यासाठी लेयर यूटीएम या पट्ट्यापट्ट्यांच्या (झोनच्या) प्रक्षेपणातील 43 उत्तर, म्हणजे ईपीएसजी 32643 मध्ये ‘रीप्रोजेक्ट’ करून, म्हणजे निर्देशांक नव्याने काढून, घ्यावा. ‘सेट लेयर सीआरएस’ वापरू नये. त्याने निर्देशांक तेच राहून फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते आणि शेत भलतीकडेच जाऊन पडते.

मोजपट्टी: यूटीएमही तंतोतंत नसते. 75 अंश पूर्व या मध्य रेखावृत्तावर त्याचे प्रमाण 0.9996 आहे, म्हणजे किलोमीटरमागे 40 सेंटिमीटर कमी. पारनेर या रेखावृत्ताच्या जवळ असल्यामुळे आपल्या शेतात जेमतेम 13 चौरस मीटरचा फरक पडेल. तो सोडून द्यावा. खरी अडचण 78 अंशांच्या पलीकडे येते, कारण नागपूर, गोंदिया झोन 44 मध्ये मोडतात. गोंदिया 43 मध्येच मोजले, तर किलोमीटरमागे सुमारे 3 मीटर वाढतात.

रानवाट: मग राज्यभरातील तालुक्यांची तुलना करायची झाल्यास?

अक्षवृत्त: क्षेत्रफळासाठी अल्बर्ससारखे समक्षेत्र प्रक्षेपण घ्यावे, लांबच्या अंतरांसाठी एलिप्सॉइडवरचेच माप घ्यावे. पुणे ते नागपूर सरळ अंतर सुमारे 620 किलोमीटर आहे, ते वेब मर्केटरच्या सपाट मापात जवळपास 40 किलोमीटरने वाढते.

मोजपट्टी: सातबाऱ्याशी ताळा करताना पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन, धरलेला आहे की केवळ लागवडीयोग्य क्षेत्र घेतले आहे, हेही पाहावे. प्रतिमेवर बांधाची कड कुठे धरली, यानेही दोन-चार आर सहज इकडचे तिकडे होतात, आणि ती तफावत कोणत्याही प्रक्षेपणाने भरून निघत नाही. हद्दीचा वाद असेल, तर भूमी अभिलेखची मोजणीच ग्राह्य धरली जाते.