पतसंस्थेची पिग्मी, बँकेचं सीसी आणि दुकानाचा विमा: कोकणातल्या छोट्या धंद्याने कशावर विसंबावं?

वाशिष्ठीकाठ

माझं मत आधीच मांडतो, खोडायचं त्याने खोडावं. कोकणात ज्याचं दुकान, वर्कशॉप, होमस्टे किंवा काजूचा छोटा कारखाना आहे, त्याने मुख्य व्यवहार बँकेच्या चालू खात्यातूनच करावा. खेळतं भांडवल बँकेच्या कॅश क्रेडिटमधून (सीसी, म्हणजे मालाच्या तारणावर मर्यादेपर्यंत हवं तसं काढता-भरता येणारं कर्ज) घ्यावं आणि पतसंस्थेत फार तर पिग्मी, म्हणजे एजंटाकडे रोज भरायची छोटी बचत, ठेवावी. मालाचा विमा मात्र स्वतः वाचून, स्वतः आकडा ठरवून काढावा.

पतसंस्थेबद्दल असं का म्हणतो? ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखाली नाही. तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. सरकारी, खासगी, ग्रामीण, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांत मात्र ४ फेब्रुवारी २०२० पासून दर ठेवीदारामागे, दर बँकेत, व्याजासकट ५ लाखांपर्यंत ते मिळतं. नागरी सहकारी बँक आणि पतसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात बोलताना दोन्हींना सर्रास ‘सोसायटी’ म्हटलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो. आणखी एक: धंदा एकट्याच्या मालकीचा असेल तर दुकानाच्या नावाचं चालू खातं आणि मालकाचं बचत खातं मिळून ५ लाख. भागीदारी फर्मचं खातं वेगळं धरतात.

रोजकीर्द

पूर्ण असहमत. ठेव विम्याचा मुद्दा बरोबर आहे, पण दुकान ठेवींवर नाही, वेळेवर हातात येणाऱ्या पैशावर चालतं. आणि संरक्षण असलेल्या बँकेतही पैसे अडकतात. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी या नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. चालू खातं तिथे असलेल्या व्यापाऱ्याने पुरवठादाराला काय सांगायचं?

दुसरं, तारण. कोकणातल्या जागेचे कागद कसे असतात ते सगळ्यांना माहीत आहे. सातबारावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोन-चार मयत आणि वारसनोंद झालेली नाही. गावठाणातल्या घराला घरपट्टीची पावती आणि नमुना ८ चा उतारा, एवढंच. बँकेचा वकील ‘टायटल क्लिअर नाही’ असा शेरा मारतो आणि फाईल परत. पतसंस्था दोन जामीनदार आणि पिग्मीची दोन वर्षांची नोंद बघून कर्ज देते. पिग्मीवाला रोज संध्याकाळी गल्ल्यासमोर उभा असतो. धंदा कसा चाललाय हे त्याच्याइतकं बदली होऊन आलेल्या मॅनेजरला कळणं शक्य नाही.

हिशेबनीस

दोघांचंही अर्धं बरोबर. पीएमसीनंतर कायदा बदलला. २०२१ च्या दुरुस्तीनुसार बँकेवर असे निर्बंध आले की विमा असलेली रक्कम ९० दिवसांत द्यायची आहे. पूर्वी बँक अवसायनात निघेपर्यंत थांबावं लागायचं. पण ९० दिवस म्हणजे अख्खा गणपतीचा हंगाम, हेही खरं. म्हणून चालू खाती दोन वेगळ्या बँकांत ठेवावीत आणि दुसऱ्यात निदान महिन्याभराच्या खरेदीइतकी शिल्लक असावी.

तारणाबद्दल: मुद्रा या छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतल्या कर्जाला जागेचं तारण लागत नाही. शिशू ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुण कर्ज नीट फेडलं असेल तर २० लाखांपर्यंत. किरकोळ दुकानदारही यात बसतो आणि खेळत्या भांडवलासाठीही मिळतं. सामाईक सातबारा इथे आडवा येत नाही. खरी अडचण प्राप्तिकर विवरणपत्राची असते. अनुमानित नफ्याच्या योजनेत डिजिटल जमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा दाखवता येतो, म्हणून सगळे नेमका तेवढाच दाखवतात. मग वर्षाला ४० लाखांची विक्री असलेल्या दुकानाचं उत्पन्न कागदावर अडीच-तीन लाख दिसतं, आणि तेवढ्यावर बँक काय देणार? टर्म विम्याची (फक्त मृत्यूनंतर पैसे देणाऱ्या आयुर्विम्याची) रक्कमही त्याच आकड्यावर ठरते.

सीसीची मर्यादाही समजून घ्या. उलाढाल पद्धतीत अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल धरतात. त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के तुमचे. ६० लाखांच्या विक्रीला १२ लाखांचं सीसी. पण मंजूर १२ लाख म्हणजे काढायला १२ लाख नव्हे. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं. माल १२ लाखांचा आणि पुरवठादारांची देणी ४ लाख असतील तर उरले ८. त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा, वजा. म्हणजे उचल ६ लाख. आंबा, काजू, गणपतीचं सामान अशा हंगामी धंद्याने मंजुरीच्या वेळीच हंगामातली आणि बिगरहंगामातली मर्यादा वेगळी मागावी. नंतर सांगून होत नाही.

तांडेल

मासेमारीवाल्यांचा हिशेब वेगळा, तोही इथे असू दे. १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस बंदी, जमा शून्य. दरमहा हप्त्याचं कर्ज घेतलं की जून-जुलैचे दोन हप्ते चुकणारच आणि पत खराब होणार. मालवणात म्हणतत तसा, ‘होडी ओढलेली आसा, हप्तो खंयसून भरूचो?’ म्हणून दैनंदिन खर्चाला किसान क्रेडिट कार्ड बघा; २०१८-१९ पासून ते मच्छीमारांनाही लागू आहे. होडी-इंजिनाच्या कर्जात हप्त्यांचं वेळापत्रक ऑगस्ट ते मे असं लिहून घ्या.

विम्यात दोन गोष्टी. होडीच्या पॉलिसीत ती किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असतानाही संरक्षण चालू आहे का, ते लेखी बघा. तौक्ते वादळ २०२१ च्या मे महिन्यात आलं, तेव्हा बऱ्याच होड्या बंदरात नांगरलेल्या किंवा ओढलेल्या होत्या. दुसरं, प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख मिळतात आणि हप्ता केंद्र-राज्य भरतात. मच्छीमार सोसायटीच्या यादीत खलाशाचं नाव गेलंय का, एवढं तपासा. मालकाचं असतं, खलाशाचं राहून जातं.

रोजकीर्द

मुद्राचं मान्य. पण दुकानाच्या विम्यावर माझा विश्वास नाही. चिपळूणला २६ जुलै २००५ ला पूर आला, मग २२ जुलै २०२१ ला. सोळा वर्षांचं अंतर. वर्षाला समजा आठ हजार हप्ता, तो मुदत ठेवीत टाकला तर पैसा आपला राहतो. दावा करा, नुकसान मोजायला येणाऱ्या सर्व्हेअरच्या मागे फिरा, शेवटी निम्मे मिळणार.

हिशेबनीस

हिशेब करून बघू. वर्षाला आठ हजार, ६ टक्क्यांनी, १६ वर्षं: साधारण दोन लाख पाच हजार होतात. तळमजल्यावरच्या किराणा किंवा कापड दुकानाचं एका पुरातलं नुकसान त्याहून किती मोठं असतं ते तुम्हीच सांगा. आणि पूर सोळाव्या वर्षीच येईल असं कुणी लिहून दिलंय? तिसऱ्या वर्षी आला तर ठेवीत पंचवीस हजार.

निम्मे मिळतात त्याला बहुतेक वेळा कारण असतं, आणि ते टाळता येतं. १ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणी एकूण ५ कोटींपर्यंत मालमत्ता असलेल्या धंद्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. वादळ आणि पूर त्यात मुळातच आहेत. आधीच्या फायर पॉलिसीत वादळ-पूर वगळून हप्ता कमी करता येत असे. कुणी तसं केलेलं असेल तर ते पुरानंतरच उघड व्हायचं.

आता कपात कशी होते बघा. विमा १५ लाखांचा. गणपतीचा माल भरल्यामुळे पुराच्या दिवशी दुकानात २४ लाखांचा माल. नुकसान ८ लाखांचं. मिळणार ८ गुणिले १५ भागिले २४, म्हणजे ५ लाख. कारण तुम्ही पूर्ण मालाचा विमा काढलेलाच नव्हता. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. तोच विमा २१ लाखांचा असता तर तूट साडेबारा टक्के, आणि या कारणाने एक रुपयाही कापला गेला नसता. म्हणून रक्कम वर्षाच्या सरासरी मालावर नव्हे, जुलै-ऑगस्टच्या सर्वांत जास्त मालावर ठरवा.

त्यात जीएसटीही धरा. माल नष्ट झाला की त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं, म्हणजे तो कर तुमचाच खर्च झाला. कंपोझिशनवाल्याला, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्के जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला, क्रेडिट मुळातच नसतं, त्यामुळे त्याच्या मालाची किंमत करासकटच धरायची.

वाशिष्ठीकाठ

विमा स्वतः वाचून काढावा असं मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठीच. सीसी असलं की बँक विमा काढते आणि हप्ता खात्यातून वळता करते. दुकानदार पॉलिसी बघतही नाही. त्यात बहुधा बँकेकडे गहाण असलेला मालच असतो. फर्निचर, फ्रीजर, काउंटर, इमारत नसते. पत्ता फक्त दुकानाचा, मागच्या गल्लीतल्या गोदामाचा नाही. विमा काढायची अट बँक घालू शकते, पण अमुकच कंपनीचा हवा अशी सक्ती करू शकत नाही. आपण पूर्ण रकमेचा आणून द्यावा, त्यावर बँकेचं नाव चढवून.

आणि ते नाव चढलं की दाव्याचा धनादेश आधी बँकेकडे जातो. पैसे सीसी खात्यात जमा होतात, बाकी कमी होते. पण दुकानात माल शून्य, म्हणजे स्टॉक स्टेटमेंटनुसार उचल शून्य! पैसे खात्यात, आणि नवा माल भरता येत नाही. यासाठी आपत्तीनंतर लगेच, दावा मिटायची वाट न बघता, शाखेकडे कर्ज पुनर्रचनेचा आणि नव्या खेळत्या भांडवलाचा लेखी अर्ज द्यावा. नैसर्गिक आपत्तीत अशी सवलत देण्याबाबत रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत.

रोजकीर्द

ही उचल शून्य होण्याची गोष्ट महत्त्वाची आहे, आणि पतसंस्थेच्या कर्जात ती येत नाही, हेही नोंदवा. आता मला सांगा, सर्व्हेअर यायला चार दिवस लागले आणि नगरपालिका म्हणते कुजलेलं धान्य आजच उचला. मग?

हिशेबनीस

उचलू द्या, पण आधी पुढचं करा. कंपनीला त्याच दिवशी ईमेल आणि टोल फ्री, दोन्हीकडे कळवून दावा क्रमांक घ्या. भिंत धुण्याआधी पाणी चढल्याची रेघ मोजपट्टी लावून फोटोत घ्या. रॅकवार व्हिडिओ काढा, पोती-खोकी मोजून यादी करा, आणि ‘पालिकेच्या आदेशाने माल हलवतोय, तपासणी आज शक्य आहे का’ असं सर्व्हेअरला लिहून विचारा. सुका राहिलेला माल वेगळा ठेवा. त्याची किंमत भरपाईतून वजा होणारच आहे, पण मिसळला तर सगळ्यावरच वाद होतो. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. तो दाव्याला जोडा, पण तेवढ्यावर दावा ठरत नाही.

बिलं भिजली तर जीएसटी पोर्टलवर नोंदणीकृत पुरवठादारांकडची खरेदी दिसते. बँकेला दिलेलं शेवटचं स्टॉक स्टेटमेंटही सर्व्हेअर मागतो. उचल वाढावी म्हणून तिथे माल फुगवलेला असेल, तर पुस्तकातला आकडा आणि तो जुळत नाही आणि सगळा दावा संशयात येतो. मला वाटतं दावे अडकायचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात न बोललं जाणारं कारण आहे. नाकारला किंवा विनाकारण कापला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल. एकट्याच्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग तिथे जाऊ शकतात, मर्यादा ५० लाख, वकील लागत नाही.

माजघर

सगळे मालाबद्दल बोलताय, माणसाबद्दल कुणीच नाही. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात धंद्याचं कर्ज हेच मालकाचं कर्ज. तो गेला तर सावकार, पुरवठादार, बँक सगळे त्याच्या मालमत्तेवर येतात, विम्याच्या पैशांवरही. उपाय जुनाच आहे: विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, १८७४. टर्म पॉलिसी या कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे काढली तर ती रक्कम त्यांचीच होते, धनकोंना हात लावता येत नाही. मात्र हे प्रस्ताव भरतानाच करायचं. चालू पॉलिसीवर नंतर होत नाही, आणि ती पॉलिसी कर्जाला तारण देता येत नाही.

कर्जासोबत बँक जो एकरकमी हप्त्याचा विमा गळ्यात मारते तो वेगळा. त्याचा हप्ता कर्जात मिळवून त्यावर व्याज लागतं आणि संरक्षण कर्जाबरोबर घटत जातं. नको असेल तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

दुकानातल्या कामगारांसाठीही सांगते. वर्षाला २० रुपयांचा सरकारी अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवनज्योती हा सरकारी आयुर्विमा, दोन्ही २ लाखांचे; त्यांचे हप्ते मेअखेर खात्यातून आपोआप कापले जातात. त्या आठवड्यात खात्यात ४५६ रुपये नसले की संरक्षण तुटतं. पुन्हा सुरू केल्यावर जीवनज्योतीत पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूच धरतात.

वाशिष्ठीकाठ

माजघर, हा भाग माझ्या मूळ लेखनात हवाच होता, सुटला. रोजकीर्द, तारणाच्या मुद्द्यावर मी माझं म्हणणं बदलतो: ज्याचा सातबारा मोकळा नाही आणि मुद्राच्या पुढचं भांडवल हवं, त्याला पतसंस्थेचं कर्ज गैर नाही. पण कर्ज तिथे आणि सगळी बचतही तिथेच, हे नको.

रोजकीर्द

मग पतसंस्थेत पैसे ठेवणाऱ्याने निदान इतकं करावं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, तिला सभासद म्हणून जावं. अहवालात लेखापरीक्षणाचा वर्ग बघावा, थकबाकीचा टक्का मागच्या वर्षाशी ताडून बघावा, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांच्या कर्जाचं परिशिष्ट वाचावं. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली किंवा पिग्मीवाल्याच्या पुस्तकातली बाकी शाखेतल्या उताऱ्याशी जुळली नाही, तर मुदत संपायची वाट बघू नये. शाखेचा उतारा दर महिन्याला स्वतः जाऊन घ्यावा. एजंटच्या मशिनमधली पावती पुरेशी नाही.