आधी भराव बसू द्या

कर्जतच्या घरामागच्या नव्या पोहण्याच्या तलावाभोवती दिवाळीआधीच पॉलिश केलेली कोटा दगडाची फरशी घालायची, असं तुम्ही म्हणताय. पॉलिश कृपा करून नको! ओल्या पायाखाली ती सटकते, आणि मुलं काठावर धावणारच. लेदर फिनिश, म्हणजे किंचित खरबरीत पृष्ठभागाची घ्या. काळा दगडही टाळा, दुपारी त्यावर अनवाणी पाय टेकवत नाही.

खरी काळजी भरावाची. तलावाच्या भिंतीबाहेर भरलेली माती थराथराने, पाणी मारून धुम्मस केलेली (ठोकून घट्ट बसवलेली) नसेल तर एक पावसाळा जाऊ द्या, नाहीतर फरशी खचून सांधे उघडतात. उतार तलावाकडे नाही, बाहेरच्या बाजूला, मीटरला साधारण 2 सेंटीमीटर. काठाचा दगड आणि फरशी यांमधला सांधा सिमेंटऐवजी लवचीक सीलंटने भरा. आणि बांबू लांबच लावा. पानं रोज पाण्यात पडतात.