२००२ सालचं उत्तर माझ्या आईपर्यंत का पोचलं नाही? (गुडघ्याची दुर्बीण)

घाटमाथा

आईचं वय ६२. दिवाळीनंतर उजवा गुडघा दुखायला लागला, जिना उतरताना जास्त. एमआरआयमध्ये 'गादी (सांध्यातल्या हाडांमधली चकती, मेनिस्कस) फाटली' असं आलं. एका रुग्णालयात दहा मिनिटांत सांगितलं, दुर्बिणीने (छोट्या छेदातून कॅमेरा आणि अवजारं आत घालून) साफ करून घेऊ, दुसऱ्या दिवशी घरी. तारीखही दिली. व्यायामाचा शब्द कुणी काढला नाही. मी तारीख पुढे ढकलली आणि वाचायला बसलो.

२००२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांवर चाचणी केली. काहींचा गुडघा दुर्बिणीने साफ केला, काहींचा नुसता धुतला, काहींच्या फक्त कातडीवर छेद दिले आणि आत काहीच केलं नाही. आपल्यावर काय झालंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. दोन वर्षांनी तिन्ही गट सारखेच. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये गादीच्या शस्त्रक्रियेबद्दल १४६ जणांवर अशीच चाचणी झाली, निष्कर्षही तोच. ज्या एमआरआयने आम्ही घाबरलो त्याबद्दल २००८ चा अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावचा अभ्यास सांगतो की पन्नाशीपुढच्या साधारण ३५ टक्के लोकांची गादी फाटलेली असते, आणि त्यातल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा आधीच्या महिनाभरात दुखलेलाही नव्हता. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने नेमलेल्या तज्ज्ञांनी अशा गुडघ्यांना दुर्बीण नको असं ठामपणे लिहिलं.

डेन्मार्कमध्ये २०१३ पासून 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम चालतो. दोन वर्ग माहितीचे, १२ सत्रं व्यायामाची, सहा आठवडे, प्रशिक्षित फिजिओच्या नजरेखाली.

माझं म्हणणं असं: रुग्ण पन्नाशीपुढचा असेल, मार लागलेला नसेल, गुडघा अडकत नसेल, तर अशी १२ सत्रं झाल्याशिवाय दुर्बिणीला मंजुरीच मिळू नये. विम्याने आणि सरकारी योजनांनी तशी अट घालावी.

अस्थिरोग_मराठवाडा

तुमच्या आईंना दुर्बीण सुचवायला नको होती, हे आधी मान्य करतो. पण नियमाला माझा विरोध आहे.

ह्यूस्टनची चाचणी माजी सैनिकांच्या रुग्णालयातली, रुग्ण बहुतेक पुरुष. फिनलंडच्या चाचणीत झीज असलेले गुडघे घेतलेच नव्हते. माझ्या ओपीडीत येते ती पन्नाशीची बाई, पाय धनुष्यासारखे वाकलेले, दहा वर्षं दुकानातून गोळ्या आणून खाल्लेल्या. तिला मी १२ सत्रं सांगू? आणि डेन्मार्कचाच २०१५ चा दुसरा अभ्यास वाचा. १०० रुग्ण घेतले. निम्म्यांना सांधा बदलून नंतर व्यायाम वगैरे, निम्म्यांना शस्त्रक्रियेशिवाय तेच उपचार. दुखणं आणि हालचाल मोजणाऱ्या १०० गुणांच्या मोजपट्टीवर वर्षभरानंतर सांधा बदललेल्यांची सुधारणा ३२.५ गुण, दुसऱ्यांची १६. गुडघा खरोखर गेला असेल तर वाटी (म्हणजे सांधा) बदलण्याइतका आराम व्यायाम देत नाही.

घाटमाथा

वाटी बदलण्याबद्दल मी लिहिलेलंच नाही, दुर्बिणीबद्दल लिहिलं. आणि त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेच्या गटात गंभीर त्रासाच्या २४ घटना, दुसऱ्या गटात ६. शस्त्रक्रियेशिवायच्या गटातल्या साधारण तीन चतुर्थांश लोकांना वर्षभर वाटी बदलावी लागली नाही. हेही रुग्णाला सांगायला हवं ना?

अस्थिरोग_मराठवाडा

सांगायला हवं. मी सांगतो. एका सकाळी ७० रुग्ण असतात, तेव्हा प्रत्येकाला सांगणं होत नाही, हेही खरं.

फिजिओ_साताऱ्याची

डॉक्टरांवर सगळं ढकलून चालणार नाही, आमच्या बाजूचंही सांगते. 'व्यायाम दिला' म्हणजे बहुतेक ठिकाणी काय असतं? चित्रांची झेरॉक्स हातात, दहा मिनिटं शेक, पंधरा मिनिटं मशीन, उद्या या. पेशंटला मशीन लावलं की उपचार झाल्यासारखा वाटतो आणि आम्हीही त्याचेच पैसे घेतो. मांडीचे स्नायू बळकट व्हायचे तर वजन हळूहळू वाढवावं लागतं, आज खुर्चीतून दहा वेळा उठणं, पुढच्या आठवड्यात खालची खुर्ची, मग एका पायावर जोर. थोडं दुखलं तरी चालतं, ते दुसऱ्या दिवसापर्यंत उतरलं पाहिजे, हे समजावण्यात अर्धा वेळ जातो. त्या अर्ध्या तासाचे पैसे कोण देणार? बहुतेक विमे रुग्णालयात भरती झाल्यावर पैसे देतात. दुर्बिणीला देतात, माझ्या १२ सत्रांना नाही. संशोधन अडलंय ते इथे. कागद सगळ्यांनी वाचलेत.

तपासनीस

मला व्यायामाचाच एवढा उदोउदो पटत नाही. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०६ रुग्णांवर ग्लॅडचीच तुलना मिठाच्या पाण्याच्या ४ इंजेक्शनांशी केली, इंजेक्शनात औषध नाही हे रुग्णांना माहीत असताना. वेदनेत फरक आढळला नाही. २०२१ ला छापून आलंय. म्हणजे एक न सिद्ध झालेली गोष्ट काढून दुसरी सक्तीची करायची?

घाटमाथा

हा अभ्यास मी पाहिला नव्हता. आज पूर्ण वाचला आणि सक्तीची अट मागे घेतो. तरी एक फरक आहेच. आईचा रक्तदाब, साखर, तोल सांभाळणं, या सगळ्याला त्या सत्रांनी फायदा होतो, आणि चुकलं तर फार तर चार दिवस पाय दुखतो. दुर्बिणीत भूल आहे, जंतुसंसर्ग आहे, रक्ताची गुठळी आहे. दोन्हींचा आराम जेमतेम असेल तर कमी धोक्याचं आधी करावं.

टोरांटोकर

कॅनडातही ग्लॅड आहे. माझ्या सासूबाई गेल्या होत्या. गटात आठ जणी, त्यामुळे कंटाळा आला नाही. पण एक गोष्ट त्यांना खटकली: खुर्चीत बसणं, पायऱ्या, चालणं, सगळं शिकवलं. मांडी घालून पूजेला कसं बसायचं, उकिडवं बसून उठायचं कसं, हे त्या शिक्षिकेला माहीतच नव्हतं. आपल्याकडे जशाच्या तशा आणल्या तर ही सत्रं अर्धवट ठरतील.

माणदेशी

सगळं वाचलं. माझी आई रोजंदारीवर खुरपायला जाते, दिवसभर उकिडवी. आमच्या वस्तीतून तालुक्याला एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. १२ सत्रं म्हणजे १२ दिवसांची मजुरी गेली. घाटमाथा, तुमची अट लागू झाली असती तर तुमच्या आईंनी सत्रं पूर्ण केली असती आणि माझ्या आईला उपचारच नाकारला गेला असता. गरिबाच्या वाटेत आणखी एक कागद, एवढाच त्याचा अर्थ.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावाचं उदाहरण घ्या. १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी तिथे सांधेदुखीची पाहणी सुरू केली, गावातल्याच लोकांना शिकवून घरोघर पाठवलं. मोजायला गावातली माणसं चालतात, तर खुर्चीतून उठायला शिकवायला का नाही?

अस्थिरोग_मराठवाडा

याला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त कोणाला पुढे पाठवायचं हे त्यांना नीट शिकवा: गुडघा अडकून सरळच होत नाही, ताप आहे, सांधा लाल आणि गरम आहे, सकाळी तासभर बोटंही आखडतात. शेवटचं लक्षण आमवाताचं असू शकतं, तिथे व्यायामावर महिने घालवले तर सांधा कायमचा बिघडतो.

फिजिओ_साताऱ्याची

माणदेशी, आशाताईंची बैठक तुमच्याकडे कधी असते?

माणदेशी

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, उपकेंद्रात. झेरॉक्स नको. येऊन दाखवाल?

फिजिओ_साताऱ्याची

येते. हात नसलेली एक खुर्ची आणि एक पायरी लागेल. आणि आईंना खुरपं घेऊन यायला सांगा, त्या कशा बसतात ते मला आधी बघायचंय.