थंडीत खारीची पिल्लं सापडलीत, रात्रीची ऊब कशी टिकवायची? आणि सोडायची कधी?

नंदगडची_सून
नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातनं लिहितेय. परवा सकाळी नारळ पाडायला गडी आलता, त्यानं वाळक्या झावळ्या तोडताना वरच्या बेचक्यातलं खारीचं घरटंच खाली आलं. सगळा काथ्या, कापूस आणि गोणपाटाचे धागे, आत तीन पिल्लं. एक पडल्या पडल्या गेलं. दोन आहेत, डोळे मिटलेले, अंगावर बारीक लव आलीये आणि पाठीवरचे पट्टे पेन्सिलीनं ओढल्यासारखे पुसट दिसतात.

सासूबाईंनी गाईचं दूध कोमट करून कापसाच्या वातीनं पाजलं, त्यांच्या माहेरी असंच करायचे म्हणाल्या. पहिल्या दिवशी चोखलं पण काल रात्रीपासून धाकट्याला पातळ पिवळं होतंय आणि पोट टम्म झालंय. आणि थंडी तर तुम्हाला माहितीच आहे, पहाटे अंगणात उभं राहवत नाही. मी रबरी पिशवीत गरम पाणी भरून जवळ ठेवलेलं, पहाटे चारला उठून बघितलं तर पिशवी गार आणि पिल्लं त्याच्याहून गार, हलेनात. पोटाशी धरून बसले तासभर तेव्हा कुठं हातपाय हलवायला लागली. परत असं व्हायला नको म्हणून विचारतेय. रात्रभर ऊब कशी ठेवायची, दूध कुठलं द्यायचं आणि मोठी झाली तर या थंडीत सोडायची की उन्हाळा लागेपर्यंत थांबायचं? आमच्या घरी म्हणतात होळी जळाली थंडी पळाली, तोवर ठेवू का?

मलप्रभाकाठ
ताई, आधी एक सांगा, आईला द्यायचा प्रयत्न केला का? खार आपली पिल्लं तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते, तिची बऱ्याचदा आसपास दोन-तीन घरटी असतात. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे जे सगळे सांगतात ते खरं नाही. दोन दिवस झाले असले तरी उद्या एकदा करून बघा. ऊन चढल्यावर, दहाच्या पुढं, पिल्लं आधी नीट गरम करून घ्या आणि एका टोपलीत खाली फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवून ती टोपली त्याच नारळाला माणसाच्या डोक्याच्या वर बांधा. कुत्रं-मांजर आत बांधून ठेवा आणि तुम्ही लांब, खिडकीतनं बघत बसा, दोन-तीन तास. गार पिल्लू ठेवू नका, गार पडलेलं पिल्लू बऱ्याचदा आई उचलत नाही. खार दिवसाची आहे त्यामुळं संध्याकाळी ठेवून काही उपयोग नाही, उलट रात्री मांजर किंवा घुबड नेईल.

आता ऊब. माझ्याकडं गेली काही वर्षं दर हिवाळ्यात असं एखादं तरी येतं, त्यात मी जे शिकलो ते हेच की दूध नंतर, ऊब आधी. गार अंगात दूध पचत नाही, आतडं कामच करत नाही, दूध पोटात नुसतं आंबतं आणि पोट फुगतं. तुमच्या धाकट्याचं तेच झालं असणार, त्यात गाईचं दूध. मान आणि काखेत बोट लावून बघायचं, गार लागलं तर थेंबसुद्धा पाजायचा नाही.

तुमची पिशवी पहाटे गार झाली ती नुसती गार नसते, ती पिल्लाच्या अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून मी बाटल्या वापरतो, लिटरच्या दोन, जुन्या पायमोज्यात घातलेल्या. एक अकराला लावायची, दोनला दुसरी, पाचला परत पहिली. मोबाईलवर गजर लावून उठायचं, दुसरा उपाय नाही. करंट असेल तर कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसला बल्ब खोक्याच्या बाहेरून एका बाजूला लावता येतो पण आपल्याकडं रात्री करंटचा भरवसा नाही म्हणून बाटल्या तयार पाहिजेतच. काहीही लावा, खोक्याच्या अर्ध्या भागाखालीच लावा, दुसरा अर्धा गार राहू दे म्हणजे जास्त झालं तर पिल्लू स्वतः सरकतं. आत एक साधं थर्मामीटर टाका, डोळे मिटलेल्या लववाल्या पिल्लाला तीस अंशाच्या आसपास बरं असतं, लवच नसेल तर अजून थोडं जास्त. पिल्लं पसरून धापा टाकत असतील तर गरम होतंय, एकमेकांत घुसून गोळा झालीत आणि हाताला गार लागतायत तर थंडी.

आणि कृपा करून चुलीजवळ ठेवू नका. ऊब चांगली लागते म्हणून आमच्या आईनं एकदा ठेवलेलं, धुरानं दोन्ही पिल्लं गेली.

अंथरायला टॉवेल नको, त्याच्या फाशांत नखं अडकतात. घरट्यातले ते गोणपाटाचे धागे पण काढून टाका, धागा बोटाला गुंडाळला की बोट काळं पडतं. जुना बनियन किंवा फ्लीसचा तुकडा घ्या.

गोठ्यातला_डॉक्टर
मी जनावरांचा डॉक्टर आहे, गाई-म्हशी जास्त, पण लोक खारी, मुंगसाची पिल्लं, ससे आणतात म्हणून लिहितो.

ताई, आजच्या आज गाईचं दूध बंद. हगवण लागलेल्या पिल्लाला पुढच्या तीन-चार वेळा फक्त ओआरएस, कोमट. पुडीवर लिहिलंय तितक्याच पाण्यात कालवा, लिटरची पुडी असेल तर पूर्ण लिटरमध्ये. लोक वाटीभर पाण्यात अर्धी पुडी अंदाजानं टाकतात, ते खारट पाणी एवढ्याशा जिवाला मारतं. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच बसली तर ठीक, तशीच उभी राहिली तर अंगात पाणी नाही. मग पिल्लांचं पोट मऊ झालं की कुत्र्या-मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर, बेळगावात पेट शॉपमध्ये मिळते, सुरवातीला ठरल्यापेक्षा निम्मी पातळ. ती मिळेपर्यंत शेळीचं दूध चालवा, तेही पातळ करून, दोन दिवसच.

वजन करा. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. वजनाच्या शेकडा पाच एवढं एका वेळी, म्हणजे वीस ग्रॅमचं पिल्लू असेल तर एक मिली, बस. तीन तासांनी एकदा, रात्री एखादी पाळी. मागतंय म्हणून जास्त देऊ नका, हीच चूक सगळे मायेनं करतात. रोज एकाच वेळी वजन लिहून ठेवा, दोन दिवस सलग उतरलं तर घेऊन या.

कापसाची वात नको, कापूस तोंडात जातो आणि किती प्यालं ते कळत नाही. एक मिलीची सिरिंज, सुई काढून. पिल्लू पोटावर धरायचं, उताणं कधीच नाही, ओठाला एक एक थेंब लावायचा. नाकातून फेस आला तर लगेच डोकं खाली करून नाक पुसा आणि ती पाळी सोडून द्या. दूध फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो, अशा आलेल्या पिल्लांतली फार थोडी मी वाचवू शकलोय. पाजण्याआधी आणि नंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसानं शेपटीखाली हलकं पुसा, आई चाटते तसं. डोळे मिटलेल्या पिल्लाला स्वतःहून लघवी-संडास होत नाही, ती अडून पोट फुगतं.

आणि अंगावर गोचीड बघा. माकडताप म्हणजे क्यासनूरचा ताप, १९५७ मध्ये शिवमोग्ग्याकडच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१६ मध्ये तर आपल्याच शेजारी दोडामार्गला साथ होती. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. तो गोचिडीनं पसरतो आणि गोचिडी खारी-उंदरांवर पण असतात. तुमच्या पिल्लांना तो आहे असं म्हणत नाही, पण हातमोजे घाला, गोचीड दिसली तर नखानं चिरडू नका, चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढा आणि स्पिरिटात टाका. घरात कुणाला अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर दवाखान्यात हे आवर्जून सांगा.

चिकोडी_९९
एवढं कशाला करताय, पाळून टाका की ओ. आमच्या मामाकडं खार होती, खांद्यावर बसून शेंगदाणे, बिस्किट खायची, लई माणसाळली होती. सोडलं तर मांजर खाणारच की.

मलप्रभाकाठ
दादा, ती किती वर्षं जगली ते विचारा मामांना. बिस्किट, शेंगदाणे, चपाती यावर वाढवलेल्या खारीला कॅल्शियम मिळत नाही आणि घरात ऊन लागत नाही, मग लहान पोरांना होतो तसा मुडदूस होतो. माझ्याकडं एक आणलेली, आठ महिन्यांची, मागचे पाय ओढत चालत होती, एक्सरेमध्ये हाडं काचेसारखी पारदर्शक. घरच्यांचा जीव होता तिच्यावर, रोज काजू घालायचे. शिवाय रानटी जनावर परवानगीशिवाय घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, त्यात वाचवलेलं आहे म्हणून सूट नाही. ताई, अरण्य खात्याच्या १९२६ वर फोन करून कळवून ठेवा, चंदगडकडच्या लोकांना महाराष्ट्राच्या वनखात्याचा पण हाच नंबर आहे. पिल्लं ते कुठं देणार, तुमच्याकडं किती दिवस, ते त्यांना ठरवू दे.

निपाणी_मळा
खारीचं मला जास्त म्हाईत न्हाई पण थंडीचाच विषय निघालाय तर ऊसवाल्यांसाठी लिहितो कारण आत्ता तोड जोरात चालू हाय. फडात रानमांजराची पिल्लं घावत्यात, आमच्याकडं त्याला बाऊल म्हणत्यात. लहानपणी अंगावर पट्टे असत्यात म्हणून टोळीवाले बिबट्याची पिल्लं म्हणून बोंब मारत्यात, मग आख्खं गाव बघाया येतंय, फोटो काढत्यात, कुणीतरी एक घरी नेतंय. मागल्या हंगामात आमच्या फडात तीन निघाली. टोळीच्या मुकादमाला सांगून ती सरी आणि बाजूच्या चार सऱ्या तशाच उभ्या ठेवल्या, पिल्लं हातमोजं घालून क्रेटात घातली, खाली पाचट जाड अंथरलं, वारा यील त्या बाजूनं पोतं लावलं आणि क्रेट तिथंच बांधाला ठेवून माणसं सगळी हाकलली. दूध-बीध काय दिलं न्हाई. रात्री आई आली, दोन नेली. तिसरं सकाळी गारठून पडलंतं, ते उबीला घेतलं, दिवसभर ठेवलं आणि दिवस मावळताना परत तिथंच. दुसऱ्या रात्री ते बी नेलं. जुन्नरकडं उसात घावलेली बिबट्याची पिल्लं वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएसवाले अशीच आईला देत्यात, त्यांचं बघूनच डोक्यात आलं.

आणि चावलं तर हासून सोडू नगा. रानमांजर, मुंगूस, वटवाघूळ कुणाचा बी दात लागला तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची सुई.

मलप्रभाकाठ
दादा, बरं केलंत लिहिलंत. त्या चार सऱ्या ठेवल्या तिथंच ती पिल्लं वाचली.

ताई, तुमचा सोडण्याचा प्रश्न राहिलाय. आपल्याकडच्या खारी शीतनिद्रा घेत नाहीत, थंडीत पण रोज बाहेर पडून पोट भरतात. म्हणजे नुसती थंडी आहे म्हणून मोठी, धडधाकट खार अडवायची गरज नाही. पण तुमची पिल्लं स्वतः खायला लागेपर्यंत फेब्रुवारी येईलच आणि तो महिना मला चांगला वाटतो. सावर फुललेली असते, आंब्याला मोहोर असतो, नंतर पांगारा येतो, खारी सावरीच्या फुलात तोंड घालून मध पिताना मी कितीदा बघितलंय. रात्री पण जरा कमी गार. म्हणजे तुमची होळी अगदीच चुकीची नाही. मात्र तारखेपेक्षा पिल्लाकडं बघा. शेंग स्वतः फोडते का, काथ्या दिला तर त्याचा गोळा करून आत झोपते का, मांजर दिसलं की ओरडून वर पळते का, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला बघून पळते का. खांद्यावर येत असेल तर अजून तयार नाही, तेव्हा डोळे उघडल्यावर पाजणारं माणूस एकच ठेवा, लाडानं हातात घेणं बंद करा, पोरांना पण सांगा.

एकदम सोडायचं नसतं. लाकडी खोकं, वाटीएवढं भोक, झाडावर जाळीत आठवडाभर, मग जाळीचं दार उघडं ठेवायचं. खाणं रोज तिथंच ठेवायचं आणि हळूहळू कमी करायचं. माझी एक पंधरा दिवस रात्री खोक्यात यायची, मग एक दिवस काथ्या तोंडात घेऊन शेजारच्या सिल्व्हर ओकवर जाताना दिसली, आलीच नाही परत.

नंदगडची_सून
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज सकाळी टोपली बांधली, मी आणि सासूबाई दोघी खिडकीत. एक खार आली होती, खोडावर उलटी लटकून बराच वेळ टोपलीकडं तोंड करून चिकचिक करत राहिली, मग रस्त्यावरनं ट्रॅक्टर गेला आणि ती पळाली. दीडपर्यंत थांबलो, परत आली नाही. सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. उद्या ट्रॅक्टरची वेळ टाळून परत एकदा ठेवणार आहे.

१९२६ ला फोन केला, मला कन्नड तोडकंमोडकं येतं पण काम झालं, गार्ड परवा येऊन बघून जातो म्हणाले. किराणावाल्याकडनं काटा आणलाय, मोठं २४ ग्रॅम, धाकटं १९. धाकट्याला दिवसभर ओआरएसच दिलं, संध्याकाळी पहिल्यांदा घट्ट झालं. सासूबाईंनी वातीचा कापूस उचलून ठेवला आणि सिरिंज आता त्याच धरतात, माझ्यापेक्षा त्यांचा हात स्थिर आहे.

आत्ता दोन वाजून गेलेत, बाटली बदलायला उठले म्हणून लिहितेय. काखेत बोट लावून बघितलं, दोघंही ऊबदार आहेत. धाकट्याचं पोट मऊ लागतंय आणि मोठ्याच्या एका डोळ्याची कड जराशी उघडल्यासारखी दिसतेय.