१८८१ चा कारखाना कायदा: मुलांची कणव की मँचेस्टरचा डाव?

लालबागची लेक
कावसजी दावरांची गिरणी, मुंबईतली पहिली सुती गिरणी, ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. त्यानंतर पंचवीस वर्षं गिरण्यांतल्या पोरांना कायद्याचा कसलाच आधार नव्हता. १८८१ चा कायदा आला तोही केवढासा! सात वर्षांखालचं मूल कामावर घ्यायचं नाही. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला ९ तास काम, मध्ये तासभर विश्रांती, महिन्याला चार सुट्ट्या. मोठ्यांच्या तासांना हातही लावला नव्हता. एवढ्यालाही आपल्या बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी विरोध केला. देशी धंदा बुडेल म्हणे. आठ वर्षांच्या पोराच्या घामावर तरणारा धंदा कुणाचा देश उभा करत होता? ती आपली मोठी चूक होती, असं माझं मत आहे.

सोलापुरी
ताई, चूक म्हणणं आज सोपं आहे. कायद्यासाठी तगादा कुणी लावला होता? इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या, म्हणजे लँकेशायरच्या कापड गिरणीवाल्यांनी. त्यांच्या स्वतःच्या देशात १८१९ च्या कायद्यानेसुद्धा नऊ वर्षांच्या पोराला दिवसाला १२ तास राबवता येत होतं. पोरं राबवून ते गबर झाले आणि मुंबईचं सूत स्पर्धेत उतरल्यावर त्यांना दया सुचली. १८८२ मध्ये विलायती कापडावरची जकात उठली, १८९६ मध्ये आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला. हे सगळं एका माळेत ओवून बघा. संशय घेणारे आंधळे नव्हते.

लालबागची लेक
जकातीचं सगळं मान्य. पण कायदा मागणारा फक्त मँचेस्टरवाला नव्हता. मुंबईत समाजसुधारक सोराबजी शापुरजी बंगाली त्यासाठी झटत होते. १८८४ मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, जखमी झाल्यास भरपाई. सूर्यास्तापर्यंतचं काम ही *मागणी* होती, यावरून आधी काय चालत असेल ते समजा. हे निवेदन लँकेशायरने लिहून दिलं नव्हतं.

बांधावरचा
मी शेतकऱ्याच्या घरातला. पोरं आमच्याकडेही गुरं वळायची, पाखरं राखायची. गिरणीत आईबापांनीच नेली, कारण एका पगारात खोलीचं भाडं आणि गावाकडची मनिऑर्डर दोन्ही भागत नव्हतं. शिवाय १८८१ चा कायदा शंभर माणसांच्या वरच्या कारखान्यांनाच लागू. तिथून काढलेलं पोर शाळेत गेलं असेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? ते छोट्या कारखान्यात गेलं असणार, जिथं कुणी बघणारच नव्हतं.

लालबागची लेक
गुरं राखणारं पोर दमलं तर झाडाखाली बसतं. साचा, म्हणजे गिरणीतला माग, कुणासाठी थांबत नाही. भोंगा झाला की पहाटे उठायचं, दिवसभर कापसाची धूळ छातीत घ्यायची आणि फिरत्या पट्ट्यांच्या मधून बोटं वाचवायची. ही दोन कामं एका तराजूत घालू नका.
शाळेचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्येच सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं मागितलं होतं. सरकारने ऐकलं नाही. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयकही १९१२ मध्ये पाडलं. इंग्लंडच्या १८३३ च्या कायद्यात गिरणीतल्या लहान मुलांना रोज दोन तास शाळा होती. आपल्याला त्यातलं तासांचं कलम मिळालं, शाळेचं नाही.

सोलापुरी
मग माझंच म्हणणं आलं ना? कणव असती तर शाळेसकट आली असती.

लालबागची लेक
सरकारला कणव नव्हती, हे कबूल. पण आपल्या पुढाऱ्यांनी 'शाळेसकट द्या' म्हणून भांडायला हवं होतं, 'कायदाच नको' म्हणून नव्हे. माझे पणजोबा साताऱ्याकडून आले. १९२२ च्या कायद्याने वयाची अट बारा झाली होती, म्हणून दहाव्या वर्षी बारा सांगून ते गिरणीत लागले. आजी सांगायची, म्हातारपणीही पगाराच्या पावतीवर ते अंगठाच उठवायचे.